ह्यांची हौस आणि भिशीचे पैसे



लिंबाच्या लोणच्याला बुरशी का येते ह्यावर लिहिल्यापासून पत्रांचा नुसता ढीग पडला आहे. त्या सगळ्यांना उत्तरं मिळतील. पण त्या ढिगात एक पाकीट अगदी निराळं निघालं. राहुरीकडच्या एका भगिनीचं आहे. नाव-गाव देऊ नका असं तिने दोनदा लिहिलं आहे, म्हणून देत नाही. थोडं आटोपतं करून पत्र इथे देते.

“काकू, सप्रेम नमस्कार. लग्नाला नऊ वर्षं झाली. हे एका पतसंस्थेत नोकरीला आहेत. मुलगी दुसरीत आहे, सासूबाई आमच्याजवळच असतात. दिवाळीच्या आधी ह्यांनी जुनी पोलो गाडी घेतली, २०१४ सालची, लाल रंगाची, जीटी. कॉलेजात असल्यापासून ती गाडी ह्यांच्या मनात होती. घेतली ह्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट मीच पेढे वाटले. पण आता रोज रात्री मोबाईलवर गाडी सजवायचे व्हिडिओ बघत बसतात. परवा कॅलेंडरच्या पाठीमागे ह्यांच्या अक्षरात एक यादी दिसली. सतरा इंची मॅगव्हील, गाडी खाली बसवायच्या स्प्रिंगा, आवाजाचा सायलेन्सर, इंजिनाचं कॉम्प्युटर, काळी फिल्म, पांढरे दिवे. खाली बेरीज १ लाख ८८ हजार आणि तिच्यापुढे लिहिलं होतं ‘भिशी’. काकू, ती भिशी माझी आहे. ब्लाऊज शिवून महिन्याला पाच हजार भरते. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवली आहे, आणि हे ह्यांनाही माहीत आहे. बोलायला गेले तर म्हणतात, तुला त्यातलं काय कळतं. खरंच मला काही कळत नाही. त्यांच्या आनंदावर विरजण घालावंसं वाटत नाही, पण रात्री झोप लागत नाही.”

पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसले. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. भिशीच्या पैशांनी जीव हलला हे खरं, पण त्याहून जास्त लागलं ते “मला काही कळत नाही” हे वाक्य. म्हणून आजचं सगळं सदर मोटारीला देते आहे. लोणचंवाल्या मैत्रिणींनी रागावू नये.

आधी एक कबुली. नव्या गाडीला काहीतरी करावंसं वाटणं हा काही गुन्हा नव्हे. आपण नवं घर घेतलं की पहिल्या आठवड्यात पडदे बदलतो, नवी साडी आणली की फॉल-पिको झाल्याशिवाय चैन पडत नाही, तसंच ते. माझं लग्न झालं तेव्हा ह्यांच्याकडे लूना होती. १९७२ साली निघालेली, आपल्या नगरच्याच किनेटिक इंजिनिअरिंगची. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. सांभाळून घ्या.) तर त्या पन्नास सीसीच्या लूनाला ह्यांनी दोन जादा आरसे, हँडलला रंगीत झिरमिळ्या आणि मागे चिखलाच्या रबरावर वाघाचं चित्र लावलं होतं. मी मागे बसून माळीवाड्यातून जायची तेव्हा लाजेने पदर तोंडावर घ्यायची. आज ते आठवलं की हसू येतं. त्या वाघाने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. पण लूना ताशी चाळीसने पळायची, आणि ही पोलो शंभराच्या पुढे सहज जाते.

आता ती यादी घेऊ. भगिनी, तुम्ही ब्लाऊज शिवता ना? मग टायर वाचणं तुम्हाला मुळीच अवघड नाही. गाडीपाशी जा आणि टायरच्या बाजूचे आकडे बघा. ह्या गाडीला कारखान्यातून साधारण १८५/६० आर १५ असा टायर येतो. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे बाजूच्या रबराची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. १५ म्हणजे आतलं चाक पंधरा इंची, ३८१ मिलिमीटर. वरचं रबर, खालचं रबर आणि मधलं चाक मिळून ६०३ मिलिमीटर. झालं तुमचं माप.

आता सतरा इंची चाक घातलं, तर बाहेरचा घेर तेवढाच राहायला हवा म्हणून रबर पातळ करावं लागतं. २०५/४५ आर १७ घेतला तर रबर उरतं ९२ मिलिमीटर आणि एकूण माप होतं साधारण ६१६. म्हणजे दोन टक्क्यांनी मोठं. काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशेदोनने पळत असते. तो फरक किरकोळ म्हणून सोडून देऊ. पण खड्ड्याचा दणका झेलायला पूर्वी १११ मिलिमीटरची गादी होती, ती आता बोटभर पातळ झाली. आपल्याकडच्या रस्त्यांवर तो दणका थेट चाकाच्या कडेला बसतो आणि चाक वाकतं. महाग चाक असेल तर महाग वाकतं. तेव्हा ह्यांना चाकं हवीच असतील तर पंधरा इंचीच, त्याच मापाची, चांगल्या बनावटीची घ्या म्हणावं. दिसायला तीही छान दिसतात आणि त्यात वाद उरत नाही.

टायरजवळ गेलाच आहात तर आणखी एक बघून या. बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. समजा १४१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला. जुनी गाडी विकणारे वरून काळं पॉलिश मारून टायर नवे दाखवतात, पण ते आकडे पुसता येत नाहीत. आणि खाचांच्या मध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरलेली असते, म्हणजे टायर संपला. रेशनचे तांदूळ निवडणारीला एवढं दिसणारच.

स्प्रिंगांचं काय, तर ह्या गाडीचं पोट जमिनीपासून सुमारे १६५ मिलिमीटर वर असतं. त्या स्प्रिंगा घातल्या की तीन-साडेतीन सेंटिमीटर खाली येतं. वर पाच माणसं आणि दिवाळीच्या फराळाचे डबे बसले की आणखी खाली. गतिरोधकाची सरकारी उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी जवळजवळ पावणेचार मीटर ठरलेली आहे. पण गावागावात एखादा अपघात झाल्यावर लोक रातोरात माती-डांबराचा जो उंचवटा करतात, त्याला कुठलं सरकारी माप? खाली बसवलेली गाडी तिथे पोटावर घासते, आणि पोटात इंजिनाच्या तेलाचं भांडं असतं. तेल सांडलं आणि गाडी तशीच पुढे नेली तर इंजिनच जातं.

शिवाय भगिनी, दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला खाली बसायलाच त्रास होतो. सासूबाईंच्या गुडघ्याचे पैसे घालून गाडी अशी करायची की सासूबाईंना तीत बसताच येऊ नये! हे मात्र ह्यांना आठवणीने सांगा. त्रागा करून नको. एखाद्या रविवारी सासूबाईंना गाडीत बसायला सांगा, उतरायला सांगा, आणि ह्यांना नुसतं शेजारी उभं राहू द्या.

इंजिनाच्या कॉम्प्युटरचं कसं असतं ते सांगते. ह्या गाडीचं १.२ लिटरचं टर्बो इंजिन मुळात १०५ घोड्यांचं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. कॉम्प्युटरमधली आज्ञा बदलली की तो जास्त हवा दाबतो, जास्त पेट्रोल जातं आणि ताकद वाढते. ह्याला रिमॅप म्हणतात. कुकरचं तेच आहे. शिट्टीवर वजन ठेवलं तर डाळ लवकर शिजेलही, पण झाकणाच्या रबराने तेवढा दाब सोसायला हवा ना? ह्या गाडीचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स २५० एकक जोर सोसेल असा बेतलेला आहे आणि मूळ इंजिन १७५ देतं. मध्ये जी मोकळीक ठेवली आहे ती वाढत्या वयासाठी, उन्हाळ्यासाठी, घाटासाठी असते. रिमॅप ती मोकळीक खाऊन टाकतो. दहा वर्षं वापरलेल्या, पहिल्या मालकाने कशी चालवली ते ठाऊक नसलेल्या गाडीवर हा प्रयोग करायचा का, एवढंच विचारा. हा गिअरबॉक्स बिघडला तर यादीतली सगळी बेरीज एका फटक्यात जाऊ शकते.

आता माझ्या घरातली गोष्ट. लिहावी की नाही ह्याचा दोन दिवस विचार केला. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, “लिही. कुणाचं तरी भलं होईल.”

आमच्या धाकट्याने तीन वर्षांपूर्वी अशीच एक छोटी जुनी गाडी घेतली. कुठली ते सांगत नाही, कारण त्यात गाडीचा दोष नव्हता. बेरोजगार नव्हता, व्यसनी नव्हता, पगार हातात देणारा मुलगा. फक्त गाडी म्हटली की वेडा. पहिल्या महिन्यात सायलेन्सर आला. गल्लीत शिरला की सावेडीतल्या म्हाताऱ्या उठून बसायच्या. मग काचेला काळी फिल्म. मग हे दूधपांढरे दिवे. असे एकंदर बहात्तर हजार गेले. मी विचारलं, ब्रेक बघून घेतलेस का रे? म्हणाला, आई, ब्रेक लागतात की. लागतच होते. पिवळट पडलेलं जुनं ब्रेक ऑइल आणि झिजत आलेले पॅड ह्यांच्यावर लागत होते. त्याला लागणारे तीन-चार हजार तेवढे त्याच्याकडे कधी उरले नाहीत.

डिसेंबरची रात्र होती. कोपरगावहून मित्राच्या साखरपुड्याहून तो एकटा परत येत होता. आपल्या जिल्ह्यात डिसेंबर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेला लोणीत उभा राहिला तो १९५०च्या सुमारास. तेव्हापासून गळीत हंगाम लागला की रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आलेच. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. ऊस बाहेर लोंबत असतो तो वेगळाच. त्या रात्री धुकं होतं, शिवाय पाचट पेटवलेल्याचा धूर. साध्या दिव्यासाठी केलेल्या काचेत ते दूधपांढरे बल्ब घातले की उजेड पुढे न जाता चारी बाजूंना फाकतो, आणि धुक्यावर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो. समोरच्यांचे डोळे दिपतात आणि आपल्याला भिंत दिसते.

त्याला ट्रॉली दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. वेग ऐंशी होता असं तोच म्हणतो.

मी नंतर हिशोब मांडून बघितला. माझी दहावीची भूमिती अजून शाबूत आहे. ताशी ऐंशी म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, बावीस मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायर-ब्रेकवर थांबायला आणखी पस्तीस-छत्तीस. म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न मीटर. खालच्या झोताचा उजेड चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे धड पोचत नाही. साठच्या वेगाला हाच हिशोब सदतीस मीटरवर थांबतो. साठला दिसलेलं टळतं, ऐंशीला दिसलेलं लागतं. आणि त्याचे ब्रेक तर चांगलेही नव्हते.

पट्टा लावलेला होता आणि एअरबॅग उघडली, म्हणून पोरगा वाचला. मनगट मोडलं, कपाळाला सहा टाके. गाडीचं तोंड मात्र राहिलं नाही. विम्याचा माणूस आला, त्याने फोटो काढले, सायलेन्सर, दिवे, फिल्म सगळं लिहून घेतलं. ह्यातलं काहीही कंपनीला कळवलेलं नव्हतं. मागितलेल्या रकमेतली निम्मीसुद्धा हाती आली नाही. उरलेले भरायला माझ्या दोन पाटल्या गेल्या. त्या मला माझ्या आईने केल्या होत्या. धाकटा अजूनही माझ्या हाताकडे बघत नाही.

तेव्हा कायदा आणि विमा ह्याबद्दल मी जे शिकले ते ऐकून शिकलेलं नाही, सोसून शिकलेलं आहे.

गाडी रस्त्यावर येण्याआधी तिचा नमुना सरकारमान्य संस्थेत तपासला जातो. पुण्यातली एआरएआय ही १९६६ सालापासूनची. आपल्या नगरलाही वाहननगरात संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे, तिथेही अशा चाचण्या होतात. ब्रेक, दिवे, आवाज, धूर हे सगळं एकमेकांशी जुळवून बघितलेलं असतं. म्हणून १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकात लिहिलेलं आणि कारखान्याने ठरवलेलं परस्पर बदलायचं नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा झाली आणि शिक्षा वाढली. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात ठेवा. काचेवरच्या काळ्या फिल्मवर तर २०१२ सालीच सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. पुढे लावायचे ते लोखंडी दांड्यांचे बंपर डिसेंबर २०१७ पासून केंद्र सरकारने मना केले आहेत, कारण त्यामुळे एअरबॅगला धक्क्याची वर्दी नीट पोचत नाही. नंबरातून ‘दादा’ वाचायला लावणारी पाटीही चालत नाही. आता सरकारी छापाचीच पाटी लागते.

सगळंच मना आहे असं मात्र नाही. रंग बदलायचा असेल तर आरटीओत कळवून नोंदणी पुस्तकात तशी नोंद करून घेतली की झालं. मान्यताप्राप्त सीएनजी किटही नोंद करून चालतं. अपंग माणसाला चालवता यावी म्हणून गाडीत बदल करायला कायद्यातच वाट ठेवली आहे. माझ्या चुलत दिरांना पोलिओ आहे, त्यांची गाडी तशीच हाताच्या ब्रेकची करून घेतली आहे आणि ते पंढरपूरपर्यंत स्वतः चालवत जातात. बदल म्हणावा तर असा!

भगिनी, तुमची गाडी जुनी घेतलेली आहे, म्हणून कागद आज रात्रीच काढून बघा. नोंदणी पुस्तकावर ह्यांचं नाव लागलं का? विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरायचे असतात. आपल्या जिल्ह्यात नगरला एमएच-१६चं आणि श्रीरामपूरला एमएच-१७चं कार्यालय आहे. आधीच्या मालकाचं बँकेचं कर्ज पुस्तकावर तसंच राहिलं नाही ना? जुनी दंडाची चलानं? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे विमा. गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मागताना अडचण येते. पुष्कळ घरांत हे राहून जातं. पेढे वाटतात, हार घालतात, लिंबू फोडतात, आणि विमा पहिल्या मालकाच्या नावावरच राहतो.

मग ह्यांनी काहीच करू नये का? असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर ते गपचूप करतील, आणि गपचूप केलेली गोष्ट जास्त महाग पडते. माझ्या मते यादी फाडू नका, उलटी करा. जे थांबवतं ते आधी, जे पळवतं ते नंतर. पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क, मागचे ड्रम उघडून साफ करणं, ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आपल्या मिठासारखं, म्हणून दोन वर्षांनी बदलावंच लागतं. मग टायर. मग शॉकअब. दहा वर्षांच्या गाडीचे शॉकअब बहुधा गेलेलेच असतात, आणि मूळ कंपनीचे नवे घातले की गाडी वळणावर अशी चिकटून चालते की ह्यांना वाटेल नवी स्प्रिंगच बसवली. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. सगळं पोळून झाल्यावर आमच्या धाकट्याने दुरुस्त गाडीत हेच केलं, आणि “आई, आता खरी मजा येते” म्हणाला. मी तेव्हा काही बोलले नाही.

ह्या सगळ्याला मिस्त्रीकडून आधी कागदावर अंदाज घ्या आणि तुम्ही स्वतः बरोबर जा. गॅरेजवर बाईमाणूस उभी राहिली की मिस्त्रीही जरा नीट बोलतो. काढलेले जुने भाग परत मागून घ्या. शिंपी नाही का उरलेलं कापड परत देत, तसंच.

हौसेसाठी निराळे पैसे ठरवा. महिन्याला दोन हजार म्हणा, तीन म्हणा, ह्यांच्या पगारातून. त्यात चांगली गाणी वाजणारी पेटी येईल, सीटकव्हर येतील, रबरी पायपुसणी येतील. सीटकव्हर घेताना एवढंच बघा, की सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर ती बाजू शिवलेली नको. आणि डाव्या सीटपुढे जिथे एअरबॅग असं लिहिलेलं असतं, त्या जागेवर गणपती किंवा साईबाबांची मूर्ती चिकटवू नका. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुटून बाहेर येते, मूर्ती थेट तोंडावर येईल. देवाला मधोमध बसवा. मुलीला मागेच बसवा, पट्टा लावून, कितीही रडली तरी.

भिशीबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे. ती भिशी हौसेच्या हिशोबात धरायचीच नाही. त्यासाठी भांडायची गरज नाही. फेब्रुवारीत लागली की त्याच दिवशी सासूबाईंच्या नावाने बँकेत ठेवा, आणि त्याआधी सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे तारीख ठरवून या. तारीख ठरलेल्या पैशाला कुणी हात लावत नाही. ह्यांनाच बरोबर न्या, गाडी त्यांनाच चालवू द्या. तुमचे हे वाईट नाहीत, हे पत्रावरून कळतं. वाईट माणूस कॅलेंडरच्या पाठीमागे यादी लिहून ठेवत नाही, ती लपवतो.

आणि एक. तुम्ही गाडी शिका. लायसन्स काढा. “तुला काय कळतं” ह्याला ह्याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही. शिवाय ऑपरेशननंतर सासूबाईंना व्यायामाला न्यायला रोज ह्यांना रजा थोडीच मिळणार आहे? मी स्वतः एक्कावन्नाव्या वर्षी शिकले. पहिल्या दिवशी भिंगारच्या मैदानावर क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडाली आणि शिकवणाऱ्या मुलाने देवाचं नाव घेतलं. आता मी शनिशिंगणापूरपर्यंत जाऊन येते. हे शेजारच्या सीटवर बसून सारखे काल्पनिक ब्रेक दाबतात, तेवढं सोसावं लागतं.

जाता जाता जुनी फिल्म काढायची कृती सांगते, कारण जुन्या गाड्यांना ती बहुतेक वेळा आधीच लावलेली असते. उन्हात गाडी उभी करा किंवा केस वाळवायच्या यंत्राने काच बेताची गरम करा. कोपऱ्यातून नखाने सुरुवात करून हळूहळू, एका अंगाने ओढा. मागे जो डिंक राहतो त्यावर साबणाचं कोमट पाणी मारा, दहा मिनिटं ठेवा आणि मऊ फडक्याने पुसा. हट्टी डाग राहिला तर निलगिरीचं तेल. मागच्या काचेवर तपकिरी बारीक रेषा असतील तर तिथे ब्लेड अजिबात लावू नका. त्या काच गरम करणाऱ्या तारा असतात, एक तुटली की ती ओळ गेली. आतला कोंदट वास जायला खायचा सोडा सीटवर भुरभुरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी ब्रशने झाडून काढायचा. टायरमधली हवा गाडी थंड असताना बघायची. किती हवी ते दाराच्या चौकटीवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, माणसं जास्त असली तर आकडा निराळा असतो.

राहुरीच्या भगिनीने फेब्रुवारीत भिशी लागली की मला एक ओळ लिहावी, आणि सासूबाईंची तारीख कळवावी. लिंबाच्या लोणच्याचं पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर बरणी उन्हात ठेवा, पण झाकणाला फडकं बांधून.